एन्रायला घाम येत नाही

नुमाता सत्तावीस वर्षं मुलांच्या खेळातल्या एन्राय या वीराच्या पोशाखात वावरला आणि त्याचा चेहरा एकाही मुलाने पाहिला नाही. आमच्या धंद्याची रीतच ती. आभाळ कोसळलं तरी पोशाखातला माणूस मुलांसमोर मुखवटा काढत नाही. मी त्या खेळाची निवेदिका, सगळ्यांची नात्सुएताई. एन्राय हातातून आग फेकतो कारण त्याच्या रक्तातच ज्वाला आहेत, हे वाक्य मी बागेतल्या रंगमंचावर दर रविवारी दोनदा म्हणायचे.

खरी आग त्याच्या वाट्याला आली ती पाठीवर. नऊ वर्षांपूर्वी दगडाच्या खाणीत एन्रायच्या मालिकेचं चित्रीकरण चालू असताना वारा फिरला आणि पेटवलेला जाळ त्याच्यावर आला. माणसं विझवायला पोचेपर्यंत त्याची पाठ, छाती आणि दोन्ही हात भाजले होते. पाच महिने इस्पितळात काढले. तिथेही स्वस्थ पडेल तो नुमाता कसला! एका मुलीने पत्र पाठवलं होतं, एन्राय स्वतः कसा भाजत नाही? तिला थाप मारायची नाही असं याने ठरवलं आणि डॉक्टरीणबाईंच्या मागे लागला.

त्या आधी हसल्या, मग खुर्ची ओढून बसल्या. म्हणाल्या, साठ अंशांना मांस अंड्यासारखं थिजतं, मग हातातून आग निघणार कशी? त्यासाठी अंगात दोन रसायनं वेगवेगळ्या पिशव्यांत हवीत, आणि ती मिसळायला चिलखतासारखी जाड कोठडी. हे जमवलेला एक जीव आहे, आपला पादरा भुंगा. तो शेपटाकडून उकळता फवारा मारतो.

नुमाता टाके दुखेपर्यंत हसला. मला म्हणाला, "ऐकलंस ना ताई? म्हणजे एन्रायने शत्रूकडे पाठ करून लढायला हवं."

पुढचं मात्र बाई हसत बोलल्या नाहीत. "आग काढणं सोडा. धावणाऱ्या माणसाच्या अंगात इतका ताप तयार होतो की तो बाहेर टाकता आला नाही तर माणूस आतल्या आत शिजतो. आपण वाचतो ते घामामुळे. या लावलेल्या कातडीला घाम येणार नाही. उन्हाळ्यात पोशाख घालायचा नाही. कधीच नाही."

हे मी माझ्या कानांनी ऐकलं होतं.

आठ उन्हाळे त्याने ते पाळलं. जुलै-ऑगस्टमध्ये पोशाख तरुण इसाकाच्या अंगावर आणि नुमाता पंख्यासमोर बसून त्याच्या उड्यांना नावं ठेवायचा. यंदा ऑगस्टमध्ये ओबोनच्या, म्हणजे पितरांच्या सणाच्या सुट्टीत खेळाच्या सकाळीच इसाकाचा घोटा मुरगळला. बाहेर सहाशे मुलं बसली होती. व्यवस्थापक नुसता घड्याळाकडे बघत राहिला. असल्या माणसांना तोंड उघडावं लागत नाही.

"एकच खेळ," नुमाता म्हणाला. "बर्फ बांध."

मी बांधला. काखेत, मानेला, पोटाला. माझ्याच हातांनी.

तिसऱ्या मारामारीत राक्षसाने ढकललं तसा एन्राय एका गुडघ्यावर बसला. असं बसणं खेळात नव्हतं. राक्षसाच्या आत कुवाबारा होता. तो माझ्याजवळ सरकून पुटपुटला, "ताई, हा थरथरतोय. मुखवटा काढू?"

मुलांची पहिली रांग चार हातांवर होती. मी मान हलवून नको म्हटलं. मग अशा वेळी करायचं म्हणून जे वर्षानुवर्षं घोकलं होतं, तेच केलं. माइक तोंडाशी नेला. "मुलांनो, एन्रायची शक्ती संपत आली. तुम्ही हाक मारलीत तरच तो उठेल. मारा हाक. ऐकू येत नाही, अजून मोठ्याने!"

सहाशे मुलं बेंबीच्या देठापासून ओरडली. तो उठला. उरलेली सगळी मारामारी त्याने केली, एक लाथ चुकवली नाही. मुलांना हात करून पडद्याआड आला आणि तिथे कोसळला. पोशाख कापून काढला तेव्हा चेहऱ्यावरून घामाच्या धारा वाहत होत्या आणि छाती-पाठ कोरडी ठणठणीत. हात लावला तर चटका बसत होता. इस्पितळात ताप बेचाळीस अंश सेल्सिअस भरला. तिसऱ्या दिवशी तो गेला.

अंत्यविधीला जो तो हेच म्हणत होता की मुलांच्या हाकेला ओ देत गेला, असं मरण कुणाला मिळतं. मी वाकून सगळ्यांचे आभार मानले. तो बसला होता. मी त्याला उठवलं.