कुलूप लावलेल्या घरांची पाहणी

सुधाबाईंची आणि माझी ओळख एकाहत्तर सालच्या हिवाळ्यात झाली. रेडिओवरचे शेतीचे कार्यक्रम खेड्यात किती घरांत ऐकले जातात, याची पाहणी करायला त्या पुण्याहून पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या गावी आल्या होत्या. त्यावरच त्यांचा प्रबंध व्हायचा होता. मी सातवी पास, ग्रामपंचायतीत शिपाई. अक्षर बरं म्हणून त्यांनी फॉर्म भरायला मला घेतलं. बाईंच्या पंचाहत्तरीच्या या ग्रंथात विद्वानांच्या पंगतीत माझा लेख कसा दिसेल, याची धास्ती वाटते. पण ही हकिगत बाईंशिवाय आणि माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही.

बाईंनी मला दोन दिवस शाळेच्या ओट्यावर बसवून शिकवलं. घरपट्टीच्या यादीतलं दर दहावं घर घ्यायचं, प्रश्न छापलाय तसाच वाचायचा, उत्तर सुचवायचं नाही. मी विचारलं, "दहावंच का?" त्या म्हणाल्या, "दगडूभाऊ, शितावरून भाताची परीक्षा होते हे खरं, पण वरचंच शीत उचलून चालत नाही. तळचंही बघावं लागतं."

मी मान डोलावली आणि नेमकं वरचंच शीत उचललं. यादीतल्या बऱ्याच घरांना कुलूप होतं. फॉर्म कोरे राहिले तर काम जाईल, या भीतीने मी शेजारच्या घरी विचारून ते भरले. शेजारी रेडिओ होता, बसायला सतरंजी होती, चहाही मिळाला.

बाईंनी तक्ते मांडले. गावात रेडिओ घरोघर पोचलेला दिसत होता. प्रबंध आठ दिवसांत द्यायचा होता. बाई खुशीत होत्या, पण मला ते बघवेना. शेवटी सांगून टाकलं.

बाईंनी तक्ते बाजूला सारले. मग म्हणाल्या, "कुलूप लावून ही माणसं गेली कुठं?"

"कोपरगावकडं, ऊस तोडायला."

"मग पत्ता ठाऊक आहे की! उद्या निघू."

त्यांनी पुण्याला पत्र टाकून मुदत मागून घेतली. एस.टी.ने कोपरगाव गाठून आम्ही चार दिवस उसाचे फड हिंडलो. आमच्या गावची सखूबाई मोळी बांधता बांधता म्हणाली, "रेडू? आन् ऐकाया येळ कुठंय बाई?"

शेजारची हसून म्हणाली, "खोटं नगं बोलू. तुझा नवरा हाय की रेडू! बंदच व्हत न्हाई!"

बाईही हसल्या, पण पुढचा प्रश्न त्यांनी छापल्याप्रमाणेच वाचला : शेतीची, बाजाराची माहिती कोणाकडून कळते?

"मुकादमाकडून. त्यो सांगंल ते खरं."

हेच उत्तर फडाफडावर मिळालं. जुने तक्ते बाद झाले. रेडिओ घरात बसणाऱ्यांचा होता. घर सोडून जाणाऱ्यांपर्यंत बातमी ऊसतोडीची टोळी नेणाऱ्या मुकादमाच्या तोंडून येत होती. प्रबंध अख्खं वर्ष लांबला, पण बाईंनी पहिल्या पाहणीतली चूक त्यात उघड लिहिली. माझं नाव कुठेच नव्हतं. 'प्रश्न विचारणाऱ्याला सूचना देण्यात माझ्याकडून कसूर झाली,' एवढंच वाक्य होतं. ते मी कितीदा वाचलं असेल!

पुढे बाई नगरच्या कॉलेजात आल्या. नव्या विद्यार्थ्यांना पाहणी शिकवायची झाली की निरोप येई, "दगडूभाऊंना बोलवा." मुलांपुढे मला खुर्ची मिळे.

हा लेख लिहिताना पुन्हा धीर सुटला. सावेडीला बाईंच्या घरी जाऊन विचारलं, "बाई, ती चूक लिहू का? सगळे वाचतील."

"लिहाच. तुम्ही गाळलीत तर मी सत्काराच्या भाषणात सांगेन," त्या म्हणाल्या. "तुम्ही त्या दिवशी बोलला नसता, तर मी आयुष्यभर खोटंच शिकवत राहिले असते."

म्हणून लिहिलं. बाईंचे गुडघे हल्ली कुरकुरतात, पण नजर तशीच तीक्ष्ण आणि आवाज तसाच खणखणीत आहे. तो तसाच राहो, त्यांनी शंभरी सुखाने पार करावी, आणि चूक कबूल करायला येणाऱ्या प्रत्येकाला समोर त्याच भेटोत.