काळूभाऊंची चक्कर

हे मी अजून कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, भावाजवळ नाही. एकदा देवळात बसून मनातल्या मनात बोलायला गेलो – तिथंही अर्ध्यावर थांबलो. आज तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि खरं सांगू? थकलोय. एखादी गोष्ट पाच वर्षं सांभाळायची म्हणजे रोज उठून तिला आधी जागेवर बघावं लागतं, मग चहा.

माझा धंदा मोटरी दुरुस्तीचा. कामशेतला घराखालीच गाळा आहे. पाण्याचे पंप, गिझर, लोणावळ्याच्या बंगल्यांमधले इन्व्हर्टर – काय येईल ते. जिथं उंच चढायचं असेल तिथं माझ्याबरोबर काळूभाऊ यायचे. बेडशाच्या वरच्या अंगाला त्यांची वाडी. भाताचा एक तुकडा, बाकी मजुरी. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठे, अंगानं काटक, बोलायला कमी. बंगल्यांच्या कौलांवर ताडपत्री टाकायची, टाकीचा बॉल बदलायचा, तारेवर आलेली फांदी तोडायची – मी शिडी भिंतीला टेकवेपर्यंत हा माणूस वर पोचलेला असायचा. शेवाळलेल्या कौलांवर चपला काढून असे चालायचे, की खाली उभं राहून माझ्याच तळपायांना घाम फुटायचा. एकदा विचारलं, भीती नाही वाटत? तर म्हणाले, "पाय इचारतो, जागा सांगती. आपुन मदी बोलायचं न्हाई."

हे नीट लक्षात ठेवा. पुढं मी जे केलं ते नेमकं ह्याच गोष्टीला केलं.

ती एकचाकी भुशीकडच्या एका बंगल्यातून आली. तुम्ही पाहिली असेल मोबाइलवर – एकच जाड चाक, दोन्ही बाजूंना पाय ठेवायच्या फळ्या, आत बॅटरी आणि मोटर. हँडल नाही, सीट नाही. पुढं झुकलं की पळते, मागं रेललं की थांबते. बंगल्याच्या मालकांनी हौसेनं आणली, अंगणातच दोनदा आपटले, आणि मला म्हणाले, घेऊन जा, डोळ्यासमोर नको. मी नेली.

ती उभी राहते कशी, हे सांगावं लागेल. आतला बोर्ड दर क्षणाला तोल मोजतो आणि मोटरला पुढं-मागं ढकलत राहतो. बोर्ड चालू आहे तोवर माणूस उभा. बोर्ड मेला की मग कितीही कसलेला माणूस असो – पायाखालचं चाक एकदम मोकळं होतं आणि तो तोंडावर जातो. तिथं माणसाच्या तोलाचा संबंधच उरत नाही. हे मला माहीत होतं. मला पक्कं माहीत होतं.

आमच्याकडं पाऊस म्हणजे चार महिने भिंतींनासुद्धा बुरशी. कंपनीनं ही वस्तू असल्या पावसासाठी केलेली नव्हती. मग मी मागं लागलो. घरातल्या ओट्यावर ती पूर्ण उघडली. बायको चिडली – कुकरशेजारी मोटर! बोर्डावर पारदर्शक लाखेसारखा थर मारला, वाळवला, पुन्हा मारला. सायकलची जुनी ट्यूब कापून झाकणाच्या कडेनं रबराची पट्टी बसवली. प्रत्येक जोडात ग्रीस भरलं. गोडेतेलाचा पाच लिटरचा कॅन कापून त्याचा मडगार्ड केला. शिवणीशिवणीतून सिलिकॉन फिरवलं. पंधरा दिवस संध्याकाळचं दुसरं काही सुचलं नाही. ते दिवस चांगले होते, हेही कबूल करतो.

मला स्वतःला ती धड चालवता येत नव्हती. भिंत धरून दहा-बारा फूट, बस्स. काळूभाऊ एका सकाळी शिकले. गाळ्यासमोरच्या मोकळ्या जागेत दोनदा खाली उतरले, तिसऱ्यांदा हात मागं बांधून जाऊन आले. गल्ली गोळा झाली. लुंगी वर खोचलेला, डोक्यावर टोपी, एका चाकावर ताठ उभा माणूस – मी व्हिडिओ काढला आणि टाकला. नंतर चिखलातला, भर पावसातला, साचलेल्या पाण्यातून पलीकडं जातानाचा. लोकांनी डोक्यावर घेतलं. पुण्यातून असल्या एकचाक्या चालवणारी मंडळी फोन करायला लागली – आमचीही अशी करून द्याल का? गाळ्यात नवी गिऱ्हाइकं, नवी मशिनं. व्हिडिओत नाव माझं, उभे काळूभाऊ.

आता खऱ्या गोष्टीवर येतो – एका चिकटपट्टीवर. येतो म्हणता म्हणता किती वेळ लावला, पाहिलंत?

चाकाच्या आसातून मोटरची जाड वायर बाहेर येते आणि बोर्डाच्या डब्यात शिरते. ते भोक सगळ्यात महत्त्वाचं, कारण पाणी वायरीवरून ओघळत थेट आत जातं. मी ते शेवटी ठेवलं होतं. तिथं पोचलो आणि सिलिकॉनची नळी संपली. दुकान पाच मिनिटांवर होतं. पण बसकण मारलेली, हात ग्रीसनं माखलेले – कंटाळा केला. काळी चिकटपट्टी चार वेढे मारून गुंडाळली. उद्या करू म्हटलं. मग ती पावसात चालली, काही झालं नाही. तो उद्या कधी आलाच नाही. आणि लोकांना सांगत काय होतो? सगळं पॅक केलंय, नदीत घाला.

त्याहून वाईट पुढं आहे. काळूभाऊ पडले, त्याच्या आदल्या दिवशी मी स्वतः एकचाकीवर चढलो होतो, भिंत धरून. ओल्या फरशीवर तिला एक झटका बसला. उचकी लागावी तसा. एकच. मला त्याच क्षणी ती चिकटपट्टी आठवली. आठवली म्हणजे डोळ्यांसमोर दिसली. उघडून बघायला हवं होतं ना? पण दुसऱ्या दिवशीचा व्हिडिओ ठरलेला. बेडशाच्या रस्त्याला ओढ्यावर एक मोरी आहे, बुटका पूल, ऑगस्टात तिच्यावरून घोट्याएवढं पाणी वाहतं. त्या पाण्यातून काळूभाऊ येणार, मागं डोंगर, ढग. दोन दिवस बोलबाला करून ठेवला होता. मी काळूभाऊंना झटक्याचं सांगितलं नाही.

ते आले. मी समोरून मोबाइल धरून उभा. पाण्यात शिरले, अर्धं अंतर आले. मला पडद्यावर दिसलं ते असं – चाकाचा पुढचा दिवा विझला. मग काळूभाऊ पडले. आधी दिवा, मग माणूस. मधे पापणी लवण्याएवढा वेळ. मोरीच्या कठड्यावर त्यांचा खांदा आपटला आणि मनगट खाली सापडलं. मी धावलो. त्यांना उठवून बसवलं. तोंडावर चिखल, ओठ फाटलेला. आणि त्यांनी मला विचारलं, "मिस्त्री, काय झालं ओ? मला तर कायबी कळलं न्हाई."

त्या वेळी सांगता आलं असतं. तीन शब्द – मशीन बंद पडलं. मी म्हणालो, "तोल गेला तुमचा, काळूभाऊ."

माझा आवाज कापलाही नाही.

त्यांना तळेगावला दवाखान्यात पोचवलं. प्लास्टर घालायला वेळ लागणार होता. तेवढ्यात घरी आलो आणि ओट्यावरच ती उघडली. डब्यातून पाणी सांडलं. बोर्डावर हिरवट डाग, एक कोपरा काळा पडलेला. चिकटपट्टी सुटून लोंबत होती. बायको दारातून विचारत होती, किती लागलंय त्यांना? मी उत्तर देता देता डबा पुसला, ड्रायरनं सुकवला, बोर्ड काढून ट्रंकेत टाकला आणि गाळ्यात सुटा पडलेला दुसरा बसवला. मोबाइलमधला व्हिडिओ पुसला. बायकोला म्हणालो, चाक धडधाकट आहे, बिचाऱ्यांनाच काहीतरी झालं. आणि मग परत दवाखान्यात गेलो, त्यांच्या घरच्यांसाठी वडापाव घेऊन.

खोटं इथवरच राहिलं असतं तर? मनगट जुळलं. खांदा थोडा अडखळतो, पण तोही बरा. मी स्वतःला समजावलं असतं. पण खोटं तिथं थांबलं नाही, आणि थांबवायला मी होतोच की.

काळूभाऊंना ते पटेना. सरळ वाटेवर, एवढ्याशा पाण्यात आपला तोल कसा गेला? आठवडे ते हेच बोलत राहिले. त्यांच्या बायकोनं, ताराबाईंनी, काढलं की डोक्यात काही बिघाड असणार. मीच त्यांना पुण्याला मोठ्या डॉक्टरांकडं घेऊन गेलो. होय, मीच. गाडी काढली, नंबर लावला, शेजारी बसलो. डॉक्टरांनी विचारलं, पडायच्या आधी चक्कर आली होती का? काळूभाऊ म्हणाले, "मला काय आठवत न्हाई सायेब. हे व्हते समोर, ह्यांना इचारा."

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "हो. एक क्षण डोलल्यासारखे झाले, मग पडले."

का म्हणालो? कुणी दम दिला नव्हता. गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. पण गप्प बसलं की शंका राहते, आणि शंका फिरत फिरत माझ्या गाळ्यात आली असती. मी ती वाट बंद केली. जे सांगितलं गेलं त्यावरून डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, उंचावर चढू नका म्हणाले. त्यांनी त्यांचं काम केलं.

गोळ्यांनी काळूभाऊंना झापड यायची. पण गोळ्या सुटल्यावरही ते वर चढले नाहीत. एकदा गाळ्यासमोर दोन पायऱ्यांचं स्टूल होतं, त्यावर उभं राहून बल्ब लावायचा – त्यांनी एक पाय ठेवला, भिंतीला हात लावला आणि खाली घेतला. माझ्याकडं बघून हसले. ते हसणं मला सांगता येत नाही. आता ते लोणावळ्यात एका बंगल्याच्या फाटकाशी वॉचमन आहेत, प्लास्टिकच्या खुर्चीवर. नोकरी मीच बघून दिली. सगळे म्हणतात, मिस्त्रींनी काळूभाऊंना टाकलं नाही. त्यांच्या घरात गणपतीला पहिलं आमंत्रण मला असतं. मी जातो. ताराबाई दुसऱ्यांदा वाढतात आणि मी खातो.

मनात अनेकदा आलं, जाऊन सांगावं. त्या फाटकापर्यंत गेलोही. ते खुर्ची पुढं करतात, पाणी देतात, विचारतात, धंदा कसा हाय? मी म्हणतो, बरा आहे. बराच आहे. अजूनही पुण्याची मंडळी चाकं घेऊन येतात. ते भोक आता मी सगळ्यात आधी भरतो.

हे सगळं सांगून झालं असं मला वाटलं होतं. पण यंदाच्या उन्हाळ्यातलं राहिलं.

काळूभाऊंची मुलगी, संगीता. बावीस-तेवीसची. बापावर गेलेली – तोच काटकपणा, तीच पायांची चाल. पवना धरणाकडं पाहुण्यांना दोरावरून उतरवायचं, कडे चढवायचं काम करणारा एक कॅम्प आहे. तिथं तिची निवड झाली. दीडशे पोरांतून घेतलेल्या दोन मुलींत ती एक. शिकवणारे म्हणाले, हिला शिकवायचं काय? पण काळूभाऊ अडून बसले. त्यांचं म्हणणं, आपल्यात चक्करेचा आजार आहे, तो रक्तात असतो, मला चाळिशी उलटल्यावर आला, हिला दोरावर असताना आला तर? घरात महिनाभर बोलणं बंद.

एका दुपारी ती गाळ्यात आली. एकटीच. मी एक चाक उघडून बसलो होतो. ती स्टुलावर बसली आणि म्हणाली, "काका, खरं सांगा. आबांना त्या दिशी नक्की चक्कर आलती का? तुमी म्हणला न्हाई आली, तर आबा मला जाऊ देतील. दुसऱ्या कुनाचं ऐकायचे न्हाईत ते."

बघा. देवानं म्हणा, कुणी म्हणा, ताटात वाढून दिलं होतं. मला स्वतःचं सगळं सांगायचीही गरज नव्हती. "नाही" म्हणायचं, एवढंच. पण "नाही" म्हटलं की ती विचारणार – मग काय झालतं? पोरगी हुशार आहे. तिची नजर माझ्या हातातल्या उघड्या डब्यावर होती.

मी म्हणालो, "आली होती, बाळ. मी डोळ्यांनी पाहिलं."

तिनं मान हलवली. रडली नाही, भांडली नाही. "बरं," म्हणाली. ओढणी सारखी केली आणि निघाली.

ती आता सोमाटण्याजवळ एका कंपनीत पॅकिंगला जाते. सकाळी पावणेसातला कंपनीची बस कामशेतच्या फाट्यावर थांबते, तेव्हा मी शटर उघडत असतो. ती खिडकीतून हात करते. मीही करतो.