राखेच्या ढिगाऱ्याखालची बहीण

माझ्या मुलीच्या जात पडताळणीसाठी वंशावळ हवी होती, म्हणून मी बुटीबोरीहून नंदनवनला माहेरी आले. सासरचे कागद तर होतेच; पण माहेरचे जुने दाखलेही जोडायला सांगितले होते. खुब्याचं हाड मोडल्यापासून आजी, म्हणजे माझ्या वडिलांची आई, पुढच्या खोलीतल्या पलंगावरच असायची. मी तिच्याजवळ कागद पसरून बसले. आजोबा, पणजोबा, त्यांचे भाऊ. ती नावं सांगत होती, मी लिहीत होते.

"आन् माझ्या माहेरचे?"

"ते नाही लागत, आजी."

तिनं माझ्या कागदाकडे पाहिलं. मग म्हणाली, "म्हणजे माझ्या बहिणीचं नाव कुठीच नाही."

ही बहीण आम्हाला ठाऊक होती. लहानपणी आम्ही ऐकलं नाही की वडील म्हणायचे, "आजीच्या बहिणीसारखं करू नका. आईचं न ऐकता गेली आन् ढिगाऱ्याखाली मेली." त्यांना हे त्यांच्या आजीनं, म्हणजे त्या मुलीच्या आईनंच सांगितलं होतं.

आजीचं बालपण कन्हानचं. तिचे वडील कोळशाच्या खाणीत कामाला होते. घरची चूल पेटायची ती जळक्या कोळशावर. रेल्वेच्या इंजिनातली राख जिथे टाकत, त्या ढिगाऱ्यातून अर्धे जळालेले कोळसे वेचायचं काम पोरींचं. आजी नऊ वर्षांची, बहीण सहाची.

"त्या दिवशी मायनं मले सांगितलं होतं जायले," आजी म्हणाली. "तिले नाही. तिच्या अंगात ताप होता. पण मैत्रिणी नदीकडं बोरं तोडाले चालल्या होत्या. मी टोपली तिच्या हाती देली. म्हटलं, जा वं, तू वेचून आण, मी तुले बोरं आणतो. ते गेली."

ढिगारा खालून पोखरलेला होता, तो तिच्या अंगावर ढासळला. आजी ओटीत बोरं घेऊन परतली, तेव्हा माणसं फावडी घेऊन उभी होती. पोर सापडली तोवर दिवस मावळला होता.

"मायनं इचारलं, ते तिथं काहून गेली? मी सांगितलं, मी नको म्हटलं तरी पळून गेली. माझं ऐकलंच नाही."

आईनं ते खरं मानलं. मरेपर्यंत मानलं. लेकरं हट्टाला पेटली की त्या मेलेल्या मुलीचं उदाहरण द्यायची, आणि आजी तिथेच बसून भाकरी थापायची.

"किती खेपा तोंडाशी आलं," ती म्हणाली. "मंग वाटे, आता सांगून माय काय करन? मंग मायच गेली."

मी तिचा हात धरला. तिनं तो सोडवून घेतला.

"तुझ्या बापाले सांग. माझ्यानं नाही होत."

मी स्वयंपाकघरात जाऊन वडिलांना सांगितलं. ते भाजी चिरत होते. ऐकून झाल्यावर त्यांनी सुरी धुऊन ठेवली आणि एवढंच म्हणाले, "आम्ही सगळे त्या पोरीलाच बोलत राहिलो."

मी सुट्टी वाढवून तिथेच राहिले. आठवडाभर वडील आजीच्या खोलीत बसले नाहीत. औषध देत, ताट ठेवत आणि निघून जात. ती दाराकडे बघत राहायची. सांगून तिचं मन हलकं झालं, असं काही मला दिसलं नाही. तिचं जेवणही कमी झालं. मला वाटू लागलं, आपण आपला कागद घेऊन आलो नसतो तर बरं झालं असतं.

मग एका दुपारी वडील आत गेले, स्टूल ओढून पलंगाशी बसले.

"माय, ते दिसाले कशी होती?"

इतक्या वर्षांत हे तिला कोणीच विचारलं नव्हतं. आजीनं डोळे मिटले. बराच वेळ ती आठवत राहिली.

"नाही आठवत गा," ती म्हणाली आणि रडायला लागली.