कोमट पाण्यात उघडणारा जबडा

दादाला नागपूरला न्यायचं मी एका बातमीवरून ठरवलं. सुपारी-तंबाखूच्या खर्ऱ्यानं झालेल्या कॅन्सरमुळे माझ्या या मोठ्या भावाचा डावा जबडा काढला, त्याला दोन वर्षं झाली. तोंडाला दुपट्टा गुंडाळल्याशिवाय तो अंगणातही येत नाही. नागपुरातल्या एका कॉलेजात थ्री-डी प्रिंटरवर हाडाचा साचा छापतात आणि तो शरीरात गेल्यावर आपोआप आकार घेतो, असं बातमीत होतं. मी फोन करून भेटीची वेळ घेतली. बाकी काहीच विचारलं नाही.

कन्हानहून निघालात तर खिडकीची जागा आधीच धरा, कामठीला गर्दी चढते. नागपुरात उतरल्यावर मी तर्री-पोहे घेतले. दादासाठी थर्मासमध्ये पातळ वरण होतं.

"तू खाय वं," तो म्हणाला. त्याचं बोलणं आता आम्हा घरच्यांनाच कळतं. दोन घासांपुढे मला जाईना.

ऑटोवाल्याला कॉलेजचं मागचं गेट सांगा. प्रयोगशाळा तिथून जवळ आहे.

ऋतुजा नावाच्या तरुण संशोधिकेनं चिमट्यानं एक चपटी सुरळी उचलून कोमट पाण्यात सोडली. बघता बघता ती उलगडली, वाकली आणि चाळणीसारखी भोकं असलेला जबड्याचा तुकडा तयार झाला.

"अंगाच्या उबेनंही असंच होतं," ती म्हणाली. "भोकांमधून हाड वाढतं, साचा हळूहळू विरघळतो."

दादानं दुपट्टा सोडला. परक्या माणसासमोर पहिल्यांदाच. तो ओला तुकडा त्यानं गालाच्या खड्ड्याला लावून पाहिला.

"मले कधी?"

मी तिला ते पुन्हा सांगितलं.

"काका, अजून सशांवरच चाललंय." मग दादाची फाईल चाळताना तिचा आवाज उतरला. "आणि तुम्हाला कॅन्सरसाठी रेडिएशनची किरणं दिलीत. तिथं रक्त नीट पोचत नाही. अशा जागी हाड धरेल, असं मी नाही सांगू शकत."

तिचे डोळे भरले होते. तरी तिनं चाचरत विचारलं, अभ्यासासाठी तुमचा स्कॅन द्याल का? दादानं सही केली.

तुम्ही जाणार असाल तर फोनवरच विचारा, उपचार माणसांवर सुरू झालेत का. किरणं घेतली असतील तर तेही सांगा. मी विचारलं असतं, तर दादानं तो तुकडा गालाला लावून पाहिला नसता. एवढं मनातून जात नाही.

घरी वहिनीनं दार उघडलं, आमचे चेहरे पाहिले आणि ती पाणी आणायला गेली.

"तुह्या स्कॅननं पुढं कोणाचं तरी भलं होईन, दादा," मी म्हटलं.

"मले काय त्याचं?"

"मंग सही काहून केली?"

"ते पोरगी रडून राहिली होती. तिले नाही कसं म्हणू?"