झुंबरबाईच्या ओटीतले फ्यूज

आमच्या गावात लाईट गेली की लोक आधी आभाळाकडे बघत आणि मग झुंबरबाईच्या घराकडे. जानेफळहून येणारा रस्ता गावात शिरतो तिथेच विजेच्या ट्रान्सफॉर्मरची डीपी आहे, आणि डीपीला लागून तिचं घर. डीपीखालच्या लोखंडी पेटीला पाठ लावून झुंबरबाई बसलेली दिसली, की समजायचं, लाईनमन खांबावर आहे. मग लाईट कधी येईल हे विचारण्यात अर्थ नसे.

तिच्या ओटीत फ्यूज असत. चिनी मातीचे, पांढरे, मुठीत मावतील एवढे. लाईनमन दीपक ते पेटीतून उपसून काढायचा, तिच्या ओटीत घालायचा आणि मगच खांबावर चढायचा. फ्यूज बाहेर आहेत तोवर तारेत वीज नाही. काम संपवून दीपक खाली उतरला आणि त्यानं स्वतः हात पुढे केला, तरच ती ते द्यायची. दुसऱ्या कोणालाही नाही. एकदा लग्नघरची माणसं आली होती, मांडवात वऱ्हाड घामानं निथळत होतं, नवरदेवाचा मामा हात जोडून उभा होता. ही जागची हलली नाही.

हे एवढं कशासाठी, असं बाहेरगावच्या माणसाला वाटेल. आमच्याकडे फ्यूज बसवायला कोणी लाईनमनची वाट बघत नसे. हरभऱ्याला पाणी चालू असताना मोटार बंद पडली की माणूस पायात चप्पल सरकवायचा, वाळल्या काठीनं पेटीचं दार उघडायचा, फ्यूजला तार गुंडाळायचा आणि बसवून मोकळा व्हायचा. बापाचं बघून पोरगं शिकायचं. त्यात कोणाला चूक वाटत नसे, उलट ज्याला हे जमत नाही त्याला लोक हसत.

झुंबरबाईच्या नवऱ्याला ते फार चांगलं जमायचं.

त्याचं नाव जानराव. उत्तमरावांच्या शेतावर तो सालदार होता. मी लग्न होऊन या गावात आले तेव्हा ती दोघं आणि त्यांची मुलगी मयुरी समोरच राहत, आणि आमच्या घरचा फ्यूज उडाला तरी सासूबाई त्यालाच हाक मारत. एका हिवाळ्यात शेतातली मोटार बंद पडली, म्हणून उत्तमरावांनी त्याला डीपीवर बघायला पाठवलं. पेटीचं दार उघडंच होतं आणि फ्यूज पेटीवर ठेवलेला होता. कोणीतरी काढला आणि विसरला, असं त्याला वाटलं. त्यानं उचलला, आत बसवला आणि शेताकडे वळला.

वळणापलीकडे, डीपीवरून न दिसणाऱ्या खांबावर, रामराव होता. तेव्हाचा लाईनमन. दीपकचा बाप. तो वाचला, पण त्याचा उजवा हात कोपराखाली राहिला नाही.

पोलीस आले, जबाब झाले. रामरावनं कोणाचंच नाव घेतलं नाही. फ्यूज कसा बसला मला माहीत नाही, एवढंच म्हणाला. गावानं त्याचं मन मोठं आहे म्हणून फार कौतुक केलं. ते कौतुक जानरावच्या कानावर रोज पडायचं. पारावर, गिरणीत, बसस्टँडवर, पाहा, हात गेला पण गरिबाचं नाव घेतलं नाही. शिव्या दिल्या असत्या तर त्यानं पचवल्या असत्या, असं मला पुष्कळदा वाटलं आहे.

त्यानंतर जानरावनं बटणाला हात लावला नाही. स्वतःच्या घरातल्यासुद्धा. बायको आणि मुलगी बाहेर असल्या की तो अंधार पडला तरी तसाच बसून राही. मयुरी शाळेतून आली की दप्तर खाली टाकण्याआधी बटण दाबायची. मी कितीदा पलीकडून बघितलं आहे, सगळ्या आळीत दिवे लागलेले आणि त्या एका घराचं दार काळं. काही वर्षांनी तो तसाच बसल्या बसल्या गेला.

पुढे रामरावच्या जागेवर दीपकला नोकरी लागली आणि फिरून फिरून तो आमच्याच भागात आला. पहिल्या दिवशी डीपीवर काम निघालं तेव्हा तो फ्यूज काढून थेट झुंबरबाईच्या दारात उभा राहिला. मी अंगणात पापड वाळत घालत होते.

“मावशी, हे तुमच्यापाशी ठेवा,” तो म्हणाला. “बाबानं सांगतलं.”

ती किती वेळ त्या फ्यूजकडे बघत राहिली. मग तिनं पदराची ओटी केली. घरात नाही गेली, सरळ पेटीपाशी जाऊन बसली.

ही शिक्षा आहे की विश्वास, हे तिनं कधी विचारलं नाही. मलाही दोन्ही खरं वाटायचं. उन्हाळा असो, पावसाची भुरभुर असो, दीपकची मोटारसायकल वाजली की ती हातातलं काम टाकून निघायची. दुसऱ्याच्या शेतात निंदायला गेली असेल तर त्याला फोन करायला सांगून ठेवलेलं. ती येईपर्यंत तो खांबाला हात लावत नसे.

टोमणे तर होतेच. एकदा उत्तमरावांचा पुतण्या गणेश मोटारीसाठी ताटकळला होता. तो म्हणाला, “झुंबरबाई, कोंबडी बसल्यावानी बसली तू. अंडे उबवून राह्यली का?”

“उबवून राह्यलो,” ती म्हणाली. “पिल्लू खांबावर हाय.”

त्यानंतर गणेशनं तिला कधी टोकलं नाही.

मग सगळं बदलायला लागलं. आधी घरोघरचे मीटर गेले आणि आपलं रीडिंग आपणच पाठवणारे मीटर आले. मग शिवाराबाहेर सौर पॅनेल लागले आणि शेताला दिवसा वीज मिळू लागली. लाईट गेली की मोबाईलवर निरोप येऊ लागला, अमुक ठिकाणी बिघाड आहे, अमुक वेळेला येईल. दीपक प्रशिक्षणाला जाऊन आला होता. माझ्या ओट्यावर चहा घेताना सांगायचा की जगभर आता असंच चाललं आहे. तारेत कुठे दुखतंय हे तार स्वतःच कळवते, आणि पूर्वी वीज एकाच बाजूनं यायची ती आता दोन्ही बाजूंनी येते. बुलढाण्याला एका मोठ्या पडद्यावर सगळ्या लाईनी दिसतात, तिथला माणूस खुर्चीवर बसून इथली लाईन बंद करतो आणि चालू करतो. मला ते ऐकायला आवडायचं. झुंबरबाई उंबऱ्यापाशी बसून ऐकायची.

एक दिवस ट्रक आला आणि डीपीखालची जुनी पेटी उचलून घेऊन गेला. जागेवर राखाडी रंगाची बंद पेटी बसली. तिला फ्यूज नव्हते. काठीनं उघडेल असं दारही नव्हतं. जुन्या पेटीतले फ्यूज दीपकनं झुंबरबाईला दिले, आठवण म्हणून. तिनं ते धुऊन कोनाड्यात ठेवले.

नव्या पेटीनंतर पहिलंच काम निघालं तेव्हा ती नेहमीसारखी येऊन उभी राहिली. दीपकनं बुलढाण्याला फोन लावला, तिकडून लाईन बंद झाली, मग त्यानं पेटीचा दांडा खाली ओढून त्याला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. झुंबरबाईनं पदर पुढे धरलेला होता. त्यात घालायला त्याच्याकडे काही नव्हतं.

“बुलढाण्याच्या माणसाले तू दिसतो का?” तिनं विचारलं. “खांबावर हाय म्हणून?”

“दिसत नाही, मावशी. पण कुलूप हाय ना. त्यानं किती बटनं दाबली तरी हा दांडा हालत नाही.”

“मंग किल्ली दे माह्यापाशी.”

दीपक ओशाळला. किल्ली खांबावर चढणाऱ्याच्याच खिशात राहिली पाहिजे, असा नियम आहे, तो म्हणाला. पूर्वीचं काय ते चालून गेलं, आता वरपर्यंत सगळं कळतं.

ती तरीही पेटीसमोर बसली, रिकामी ओटी घेऊन. तो उतरल्यावर उठली. त्या दिवशी ती जेवली नाही.

तेवढ्यावर भागलं असतं. पण वैशाखातल्या एका दुपारी वावटळ सुटली आणि लाईट गेली. दीपकची गाडी येईल म्हणून झुंबरबाई उन्हात जाऊन बसली. थोड्या वेळात पंखे फिरू लागले. कोणी आलं नव्हतं, कोणी चढलं नव्हतं. बिघाड झालेला तारेचा तुकडा यंत्रानंच बाजूला काढला होता आणि आम्हाला दुसऱ्या बाजूनं वीज दिली होती. गिरणी सुरू झाली, कुणाच्या तरी घरात टीव्ही बोलू लागला. ती बसलेलीच. ऊन पायावर आलं तरी बसलेली. मी डोक्यावर पदर घेऊन तिला आणायला गेले.

“मावशी, लाईट आली. उठा आता.”

“उतरला का तो?”

“कोणी चढलंच नव्हतं.”

तिनं माझ्याकडे असं बघितलं की मीच खजील झाले. रात्रंदिवस राखलेलं शेत सकाळी दुसऱ्यानंच कापून नेलेलं दिसावं, तसं ते बघणं होतं. मग हळू आवाजात म्हणाली, “वंदना, रामरावकडे जाचं हाय मले. मी आता उठू का, त्यायलेच इचारून येतो. दुसऱ्याच्या सांगण्यानं कशी उठू?”

रामराव नोकरी सुटल्यापासून आपल्या गावी, पिंपळगाव राजाला राहत होता. इतक्या वर्षांत ती त्याच्यासमोर कधी गेली नव्हती. जानराव एकदा दवाखान्याच्या फाटकापर्यंत जाऊन परत आला होता, तेवढंच. मला खामगावला बहिणीकडे जायचंच होतं. मी तिला बरोबर घेतलं. एसटीत तिच्या मांडीवर पिशवी होती आणि पिशवीत कोनाड्यातले फ्यूज.

रामराव ओसरीत बाजेवर बसला होता. केस पांढरे, सदऱ्याची उजवी बाही दुमडून टाचलेली. झुंबरबाईला त्यानं पाहताक्षणी ओळखलं आणि उठून उभा राहिला. ती खाली बसली. पिशवीतून फ्यूज काढून तिनं त्याच्यासमोर ठेवले.

“पेटी गेली,” ती म्हणाली. “दीपक किल्ली खिशातच ठेवतो, तसा नियम हाय म्हणते. माह्यापाशी काईच नाही राह्यलं. मी आता बसनं बंद करू का, सांगा.”

रामरावनं एक फ्यूज डाव्या हातात घेतला. आतून त्याची बायको चहा घेऊन आली, ठेवून उभी राहिली. त्यानं तिला आत जायला सांगितलं नाही.

“फ्यूजचाही तोच नियम होता, बाई,” तो म्हणाला. “काढला का खिशात ठेवाचा. माह्या पँटचा खिसा फाटला होता. म्हणून मी पेटीवर ठेवला. अन् दारही उघडंच टाकलं.”

फ्यूजकडे बघतच तो पुढे बोलू लागला. पोलिसांनी विचारलं तेव्हा जानरावचं नाव घेतलं असतं, तर फ्यूज होता कुठे हेही निघालं असतं. हात गेला होता, नोकरीही गेली असती. लोक मन मोठं म्हणू लागले, आणि मग खरं सांगायला जीभ उचलेना. दीपक आमच्या गावाला आला तेव्हा त्यानंच पोराला सांगितलं, फ्यूज खिशात ठेवू नको, बाईपाशी दे.

“पोराचा जीव तुमच्या ओटीत देला तं तुमाले समजन, असं वाटलं,” तो म्हणाला. “म्या काई राग धरला नाही, हे.”

झुंबरबाईचा आवाज चढला नाही.

“माह्या मानसानं मरेपर्यंत लाईटचं बटन दाबलं नाही. मालूम होतं तुमाले?”

“मालूम होतं.”

“मंग त्यायले सांगाचं होतं.”

रामरावनं मान हलवली, खाली घातली आणि वर काढलीच नाही. झुंबरबाईनं समोरचा चहा उचलला आणि पिऊन संपवला. रामरावच्या बायकोनं केलेला होता, तिचा काय दोष. कप धुऊन ठेवला. फ्यूज तिनं परत घेतले नाहीत.

येताना एसटीत ती खिडकीबाहेर बघत होती. खामगाव मागे पडलं तेव्हा एकदाच म्हणाली, “खिसा फाटला होता म्हणते.”

घरी आल्यावर तिनं मयुरीला फोन लावला. मयुरी तिकडे संभाजीनगरला नर्स आहे. दार उघडं असलं की समोरून आवाज येतोच. बाकी मला कळलं नाही, पण एक वाक्य तिनं पुन्हा पुन्हा सांगितलं, शाळेतल्या पोराला धडा सांगावा तसं. “एकट्या तुह्या बापाचं नव्हतं ते. आइकलं का? एकट्याचं नव्हतं.”

त्यानंतर दीपक आला तो पावसाच्या तोंडावर, तारेला लागणाऱ्या फांद्या तोडायला. घरून त्याला सगळं कळलं असावं. झुंबरबाईच्या दारावरून जाताना गाडी हळू झाली, थांबली नाही. बुलढाण्याला फोन झाला, दांडा खाली आला, कुलूप लागलं. मी दारात उभी होते. तो किल्ली हातात धरून तिच्या घराकडे बघत राहिला. मग जवळ आला आणि नियम बाजूला ठेवून त्यानं ती किल्ली पुढे केली.

झुंबरबाईनं पदर पुढे केला नाही.

“खिशात ठेव,” ती म्हणाली. “माह्यापाशी नको, पेटीवर नको. तुह्याच खिशात.”

त्यानं किल्ली खिशाकडे नेली तसा तिनं त्याचा हात धरला. त्याच्या पँटच्या खिशात आपली बोटं घातली, पार तळापर्यंत, आणि शिवण चाचपून पाहिली. मग दुसऱ्या खिशाची. धडधाकट होत्या दोन्ही.

“जाय आता,” ती म्हणाली.

तो खांबाकडे गेला. ती पेटीपाशी गेली नाही. घरात जाऊन तिनं सुपात डाळ घेतली आणि उंबऱ्यात बसून पाखडायला लागली. तो उतरेपर्यंत मात्र सूप मध्येच थांबायचं, मान वळायची, आणि पुन्हा सुरू व्हायचं.