पेंडी बांधून दाखव

माझ्या सासूबाईंपुढं मशीन आणून ठेवणं म्हणजे हट्टी नवरदेवाला मुली दाखवणं. नापसंतीचं कारण आधीच तयार.

सासूबाई म्हणजे ताराबाई, वय बहात्तर. आदिलाबाद जिल्ह्यात, बेला गावाजवळ आमची अकरा एकर आमराई आहे आणि भादव्यात तिथं कमरेएवढं गवत माजतं. ते सगळं त्या इळ्यानं कापायच्या, उकिडव्या बसून. चाळीस वर्षं हेच काम लोकांच्या बांधावर केलं. त्यावर माझा नवरा नागसेन शिकला, एमआरओ म्हणजे तहसील ऑफिसात क्लार्क झाला आणि त्यानं ही जमीन घेतली. आता कापलेल्या पेंड्या शेजारच्या देवकाबाईंच्या म्हशींना जातात.

यंदा डॉक्टरनं सांगितलं, गुडघे संपले, उकिडवं बसणं बंद. नागसेननं गवत कापायची मशीन घ्यायचं ठरवलं. ताराबाईंनी त्यातून एवढंच ऐकलं. "म्हंजे मले खाटेवर टाकून राह्यले तुमी." डोळे भरलेले होते. मलाही वाईट वाटलं, पण गुडघ्यांचं काय करायचं होतं?

आदिलाबादचा दुकानदार देवानंद पहिल्यांदा खांद्याला अडकवायची मशीन घेऊन आला. तिच्या गरगर फिरणाऱ्या नायलॉनच्या दोरीनं गवताचा अगदी भुगा पाडला. ताराबाईंनी मूठभर उचलून त्याच्यापुढं धरला. "पेंडी बांधून दाखव."

"मावशी, ही पेंडीसाठी नाही."

"मंग म्हशीनं काय चमच्यानं खावं?"

देवकाबाई पदर तोंडाला लावून हसत राहिल्या.

दुसऱ्या खेपेला बसून चालवायची गाडी आली. सीट, स्टिअरिंग, सगळं. नागसेन तर लगेच वर चढून बसला. पण गवत मागच्या पिशवीत बारीक चिरून पडलं, कोथिंबिरीसारखं, आणि बांधाजवळ गाडी कलंडता कलंडता वाचली. ताराबाई म्हणाल्या, "जिंदगीभर बसूनच कापलं. आता पुन्यांदा काऊन बसू?"

मग माझं डोकं फिरलं. सहावीच्या पोरांना शिकवते मी, बहाणे मला दुरून कळतात. म्हटलं, "आई, तुम्हाला मशीनच नको आहे. पेंडीचं नुसतं निमित्त केलं तुम्ही."

मी बोलले ते खरं होतं, आणि मला माझीच लाज वाटली.

देवानंद पुरता कंटाळला होता. शेवटचं म्हणून त्यानं ज्वारी कापायची मशीन आणली. पुढं दातेरी पट्टी, मागं दोन दांडे; दांडे धरून नुसतं तिच्या मागून चालायचं, चाकं आपोआप फिरतात. तिनं गवत बुडातून कापलं आणि एका बाजूला सरळ आडवं निजवलं. ताराबाई वाकल्या, कवेत मावेल एवढं गवत घेतलं, गवताचाच पीळ घालून पेंडी बांधली. सोडली. परत बांधली. उचलून हलवली. पेंडी सुटली नाही.

आता एकही बहाणा उरला नव्हता. त्यांचा चेहरा असा उतरला की देवकाबाईंनी दुसरीकडं पाहिलं.

"चालवन कोन?" ताराबाईंनी हळूच विचारलं.

"मी. रविवारी," नागसेन म्हणाला.

"गवत काय रविवारीच वाढते?"

त्याचं उत्तर माझ्याकडं होतं. म्हटलं, "देवानंदभाऊ, दांडे आईंच्या हाती द्या."

पहिली ओळ नागमोडी गेली आणि आंब्याचं एक कलम कामी आलं. दुसरी जरा बरी. तिसऱ्या ओळीला ताराबाई पदर खोचून, मान ताठ करून, सरळ चालत गेल्या.

नागसेन बांधावर उभा होता. म्हणाला, "प्रतिभा, शायेतून दप्तर घेऊन आलो का मायले गवतात हुडकत फिरावं लागे. दिसतच नव्हती. ती एवढी उंच हाये, मले माहीतच नव्हतं."

तिकडून हाक आली, "उभे काऊन? पेंड्या कोन बांधन?"

नागसेननं पँट वर सारली, गवतात उकिडवा बसला आणि पेंड्या बांधायला लागला.