पूजेतली गिटार

भोसरीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक मिलिंग, एक ड्रिल. गुरुवारी मशीन बंद असतात. त्या दिवशी माझा धाकटा भाऊ आणि त्याचे तीन मित्र शेडमध्ये गाणी बसवायचे. साठ वर्षांपूर्वी इंग्लंडमधली पोरं गिटारवर वाजवायची, तसल्या गाण्यांचं यांना वेड. छोटी गाणी, तीन मिनिटांत संपणारी, तिघांनी तीन सुरांत एकदम म्हणायची. शब्द मात्र यांचे, मराठी. एक गाणं कंपनीच्या बसवर होतं. चौघांचे केस कानांवर आणि गळ्यात बारीक टाय. मे महिन्यातसुद्धा.

आमचे जुने मिस्त्री महाळुंग्याचे. सुट्टीच्या दिवशी एकदा डबा न्यायला आले आणि ऐकत उभे राहिले.

"लग्नाच्या सुपाऱ्या घेता व्हय रं?"

"नाही मामा. आमची स्वतःची गाणी आहेत."

"मग बोलावतं कोण?"

"अजून कुणी नाही."

"बरं हाय. दमणूक न्हाई."

भावाची गिटार बारा तारांची होती. मला त्यातलं कळत नाही, पण ती वाजली की पत्र्यावर कुणी खिळ्यांची पिशवी हळूच ओतावी तसा आवाज शेडभर पसरायचा. त्यांची सगळी गाणी त्या आवाजावर उभी होती. तारांखालची पितळी पट्टी झिजली तेव्हा त्यानं नवी आमच्याच मिलिंगवर काढली. म्हणून त्या खंडेनवमीला मीच म्हटलं, "तीही ठेव पूजेत. आपल्याच मशीनचा जॉब आहे."

लेथ, व्हर्नियर, पाने यांच्या रांगेत गिटार ठेवली. हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. पूजेतलं हत्यार दसऱ्याच्या सकाळपर्यंत उचलायचं नाही, हा आमच्याकडचा नियम.

दुपारी त्याला फोन आला. पुण्यातल्या एका कार्यक्रमातला बँड ऐनवेळी गळाला होता, संध्याकाळी याल का म्हणून. नव्या बँडची गाणी रेकॉर्ड करणारा एक माणूस ऐकायला येणार होता. चार वर्षांत त्यांना आलेलं हे पहिलं बोलावणं.

"ताई, गिटार घेऊ?"

त्याच सकाळी एक गिऱ्हाईक अर्जंट जॉब घेऊन आलं होतं. मशीन पूजेत आहे म्हणून मी त्याला परत पाठवलं. मिस्त्री आणि कामगार तिथंच प्रसाद खात बसले होते.

"उद्या सकाळी घे," मी म्हटलं.

"उद्या काय करू घेऊन?"

"दुसरी बघ कुणाची तरी."

तो भांडला असता तर मी कदाचित ऐकलं असतं. तो भांडला नाही. मित्राच्या ओळखीतून साधी सहा तारांची गिटार मिळाली, ती घेऊन गेले. आल्यावर मी विचारलं, कसं झालं. म्हणाला, "वाजवलं." त्या माणसाचं म्हणणं त्यानं नंतर सांगितलं. असं बरेच जण वाजवतात, तुमचं वेगळं काय?

वेगळं होतं ते माझ्या शेडमध्ये माळ घालून बसलं होतं.

पुढच्या वर्षभरात ड्रम वाजवणारा बंगळुरूला गेला. एकाचं लग्न झालं. एकाला चाकणमध्ये फिरती शिफ्ट लागली, त्याचा गुरुवार गेला. भाऊही तिकडेच क्वालिटीत लागला. पगार चांगला आहे. केस बारीक कापतो. त्यानं मला कधी बोल लावला नाही. लावला असता तर मी उत्तर दिलं असतं, माझ्याकडे उत्तर तयार होतं. ते तसंच राहिलं.

गिटार शेडच्या माळ्यावर असते. दर खंडेनवमीला तो येतो, ती खाली काढतो, पुसतो आणि रांगेत ठेवतो. गेल्या वर्षी मिस्त्री निवृत्त झालेले, कामगार प्रसाद घेऊन गेलेले, शेडमध्ये आम्ही दोघंच. पूजा झाली होती. मी म्हटलं, "उचल. वाजव थोडं."

त्यानं गिटारवरची माळ सरळ केली.

"आज नाही उचलायची, ताई," तो म्हणाला आणि बूट घालू लागला. त्याची सेकंड शिफ्ट होती.